खलित्यातलं नाव

कुठलंही पत्र हातात आलं, की लेफ्टनंट मजकूर सोडून आधी नावं वाचायचे. लग्नपत्रिका असो, खेमेंतेची, म्हणजे इथल्या डच नगरपालिकेची नोटीस असो, नाहीतर ऑफिसातली मेल. कोण आहे आणि कोण राहिलंय एवढं बघितलं की चष्मा पुसायचे आणि मग सावकाश मजकुराकडे वळायचे. "मजकूर कुणीही लिहितं गं," म्हणायचे, "नावं लिहिताना माणसाची नियत कळते."

हे काही खरे लेफ्टनंट नव्हेत. झुइडास या बँकांच्या भागातल्या आमच्या ऑफिसात ते एका बँकेची जुनी सिस्टिम सांभाळायचे. वय त्रेपन्न, बायको-मुलगी पुण्यात आणि स्वतः विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावात एका खोलीत. जुन्या बाजारात त्यांना शिडाच्या जहाजांच्या काळातल्या एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या आठवणींचं पुस्तक मिळालं होतं. ते मराठीत आणायचा त्यांनी ध्यासच घेतला होता. हा साहेब बाराव्या वर्षी जहाजावर चढला आणि केस पिकले तरी लेफ्टनंटच राहिला. कारण त्या नौदलाची रीत. लढाई जिंकली की कप्तान वर खलिता पाठवायचा. त्यात ज्याचं नाव, त्याची बढती. एका लढाईत कप्तान जखमी होऊन खाली पडला तेव्हा अख्खं जहाज या साहेबाने लढवलं. कप्तानाने बरा होऊन खलिता लिहिला आणि त्यात नाव घातलं स्वतःच्या भाच्याचं. "तोफा कुणी डागल्या ते समुद्राला ठाऊक," आमचे लेफ्टनंट म्हणायचे, "लंडनला खलिताच ठाऊक." साहेबाचा हुद्दा त्यांनी स्वतःलाच लावून घेतला, तो असा.

लॉकडाउनमध्ये दर रविवारी सकाळी मी सायकलने त्यांच्याकडे जायचे आणि आम्ही दीड मीटर अंतर ठेवून चालायचो. स्किपोल विमानतळावर विमानं ओळीने उभी असायची. "लढाया संपल्या की जहाजं अशीच बंदरात बांधून ठेवायचे," ते दाखवायचे. "आणि लेफ्टनंट घरी, अर्ध्या पगारावर." एखाद्या दोरीला किंवा डोलकाठीला मराठी शब्द अडला, की हर्णैला त्यांच्या कोळी शाळासोबत्याला फोन जायचा. तो आधी दोन शिव्या द्यायचा, मग शब्द. लेफ्टनंट वहीत त्या शब्दापुढे त्याचं नाव लिहायचे.

"अहो, एवढ्याशा शब्दासाठी?" मी एकदा हसले.

"शब्द त्याचा आहे. माझा कुठाय?"

त्या हिवाळ्यात सगळी बँक घरून चालत असताना एका शनिवारी जुनी सिस्टिम कोसळली. लेफ्टनंट दोन दिवस एकटेच तिच्याशी झुंजले. सोमवारी सकाळी सगळं सुरळीत होतं. हे काम कुणी केलं, ते डायरेक्टरला मेलने कळवायचं माझ्याकडे होतं. मी चार नावं घातली. तीन डच आणि चौथं माझं.

घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का? आईने पोळी वाढली तर आपण थँक यू म्हणतो का? लेफ्टनंट तर आपलेच, समजून घेतील. हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं कारण साधं आणि घाणेरडं होतं. माझं परमनंट काँट्रॅक्ट तेव्हा अडकलं होतं, आणि त्यांचं नाव घातलं असतं तर त्या दोन दिवसांत मी काहीच केलं नव्हतं हे उघड झालं असतं.

मार्चमध्ये माणसं कमी केली. लेफ्टनंटांना पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं. नोकरी गेली की त्यांच्या परमिटवर दुसरी शोधायला तीन महिने मिळतात. त्या दिवसांत त्रेपन्न वर्षांच्या माणसाला कोण उभं करणार? मला परमनंट मिळालं. डायरेक्टरबाई मोकळेपणाने म्हणाल्या, "तुझ्या मेलचा उपयोग झाला. कुणाशिवाय अडेल ते कळलं." मी म्हणाले, थँक यू. परक्यांना म्हणायला जीभ कशी पटकन वळते!

पुण्याला परतण्याआधीच्या शेवटच्या रविवारी ते आपली सायकल मला द्यायला आले.

"अहो, त्या मेलमध्ये मी तुमचं—"

"वाचली की. चार नावं होती." त्यांनी चष्मा पुसला. "चहा टाक. साखर कमी."

चहा घेतला, बूट घातले. जाताना म्हणाले, "चेनला तेल दे, कुरकुरते." मग बसस्टॉपकडे चालत गेले. मागे वळून पाहिलं नाही.

दीड वर्षाने पुण्याहून पाकीट आलं. पुस्तक छापून झालं होतं. मी मजकूर सोडून आधी नावं शोधली. त्यांची ती सवय आता मला लागली आहे. ऋणनिर्देशाचं पान भरलेलं होतं. हर्णैचा कोळी होता, जुन्या बाजारातली पुस्तकं विकणारी आजी होती, लायब्ररीचं दार उघडणारा माणूससुद्धा होता. आणि सगळ्यांच्या वर माझं पूर्ण नाव. पुढे एकच ओळ: 'परक्या देशात दर रविवारी माझ्याबरोबर चालली.'

त्यांचा नंबर अजून माझ्याकडे आहे. माझं नाव त्यांनी गाळलं असतं, तर मी त्यांना फोन करू शकले असते.