काकासाठी रेकॉर्डिंग

दुपारी मुलगी कॉम्प्युटरवर तिचा शर्यतीचा खेळ रेकॉर्ड करायची तयारी करत होती. चाचणी लावून पाहिली, तर गाडीच्या घरघरीमागून माझाच आवाज आला, फोनवर फरशीवाल्याशी हुज्जत घालणारा.

“बाबा, तुमचं भांडण येतंय यात,” म्हणत तिने माइक बंद केला. “काकाला पाठवायचंय.”

काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. दुकान मी उभं केलं आणि वेगळा होताना जुनी गिऱ्हाइकं तो घेऊन गेला. तेव्हापासून त्याला या घरात पाऊल टाकू दिलेलं नाही. तरी पोरीला तो ‘अरे काका’, आणि मी ‘अहो बाबा’.

“मला नाही कधी पाठवत?”

“तुम्ही इथेच तर असता.”

खरंच, लांबच्या माणसासाठी सगळं जपून ठेवायचं. घरातल्याला कोण काय पाठवणार? फुकट मिळालेल्या मालासारखा मी इथेच पडून. रागाने खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.

शेवटच्या वळणावर ती पुढे निघाली, जिंकली, आणि लखलखत्या डोळ्यांनी माझ्याकडे वळली. रेकॉर्डिंग फक्त पडद्याचं होतं. तो चेहरा भावाला मिळायचा नाही.