पाहुण्यांची किक

सामना संपायला दहा मिनिटं उरली होती आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी थेट मैदानात शिरली. पेनल्टी बॉक्स तुडवत सेंटर सर्कलमध्ये येऊन थांबली. मी शिट्टी मारून खेळ थांबवला. गाडीला रेड कार्ड दाखवायची सोय नियमात नाही.

वणीच्या नॉकआउट कपची ही सेमीफायनल. नॉकआउट म्हणजे जो हरला तो घरी. खालच्या डिव्हिजनच्या क्लबांना वर्षाकाठी एवढंच एक मैदान मिळतं. मी रेफ्री होतो. बोरी अरबचा संघ वणीवर एक-शून्यने पुढे होता. अकराच जण आले होते, बदली खेळाडू एकही नाही, सगळे दमून मोडलेले. पण पहिल्यांदाच फायनल समोर दिसत होती.

कप भरवला होता एका जिनिंगवाल्याने. त्या वर्षी घराघरात कापूस पडून होता आणि भाव पाडणारे मंडपात पुढच्या खुर्च्यांवर बसले होते. मागे बॅनर : ‘खेळा आणि निराशा पळवा!’ भाव मागाल तर कप मिळेल, असा तो कारभार.

आमच्या भागात पाहुण्याने चेंडूला लाथ मारल्याशिवाय सामन्याला सुरुवात झाली असं कुणी मानत नाही. पाहुणे उशिरा येणार, उजेड जाईल, म्हणून ‘चालू करून टाका’ असं स्पर्धेच्या सचिवांनीच मला सांगितलं होतं. आता पाहुण्यांनी आधी भाषण केलं. मग किक मारली. चेंडू चार पावलं गेला. टाळ्या मात्र मंडपभर वाजल्या.

सचिवांनी माइक घेतला. “सामन्याला सुरुवात होत आहे! शून्य-शून्य!” आणि स्कोअरच्या फळ्यावरचा एक पुसला.

मी विचारलं, “बोरी अरबचा गोल कुठे गेला?”

“उद्घाटन तर आता झालं ना सर. पयलेचा गोल प्रॅक्टिसचा समजा.”

बोरी अरबचा कॅप्टन सलीम पुढे आला. गॅरेजात मेकॅनिक. “काहो साहेब, आमच्या गोलकीपरचा गुडघा फुटला, तोही प्रॅक्टिसमधीच काय?”

मी सचिवांना नियम सांगितला. बाहेरच्या अडथळ्याने खेळ थांबला, तर तो थांबला तिथूनच ड्रॉप बॉलने सुरू होतो. म्हणजे रेफ्री चेंडू हातातून सोडतो, तो जमिनीला लागला की खेळ चालू. स्कोअर तोच राहतो.

“कोणाच्या गाडीले अडथळा म्हणून राह्यले, समजते काय तुमाले?”

“नियमात नंबर प्लेट नाही.”

सचिव हसले. “आपल्या वणीवाल्यालेच इचारा मंग.” घरचा संघ नाही म्हणणार नाही, याची त्यांना खात्री होती.

वणीचा कॅप्टन राठोड कोळशाचा ट्रक चालवतो. त्याने फळ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांच्या बुटांकडे.

“साहेब, आमी एका गोलनं मांगं हाओ. पाहुण्याच्या लातेनं तो गोल फिटते काय? उद्या ट्रकच्या लायनीत पोट्टे मले जगू देतीन काय?” मग सलीमकडे वळला. “सलीमभाई, दहा मिंटात फेडतो तुमचा गोल. पयले हे गाडी हटवा.”

गाडीचा ड्रायव्हर चहाला गेला होता. सलीमने आत हात घालून हँडब्रेक सोडला. बावीसच्या बावीस जणांनी गाडी ढकलत टचलाइनच्या, चुन्याच्या रेघेच्या, बाहेर नेली. भाषणाला मंडपाबाहेर एक टाळी पडली नव्हती. आता अख्खं मैदान वाजलं.

मी चेंडू सोडला. राठोडने एक जोरदार शॉट पोस्टवर हाणला. बस, तेवढंच. बोरी अरब फायनलला गेलं.

मला फायनलला बोलावलं नाही. कळलं ते असं, की या वेळी पाहुणे वेळेवर आले आणि गाडी रस्त्यावरच ठेवली. चुन्याची रेघ सगळ्यांना दिसते. ती आपल्यालाही लागू आहे, हे काहींना ढकलल्यावरच कळतं.