न चाखलेलं सँडविच

क्यूबन सँडविचमध्ये लेट्यूस घालणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. मेयोनीज घालणाऱ्याच्या तर घरचं पाणीसुद्धा पीत नाही. हसा खुशाल! मी निधी, नागपूरची, सावजी मटणावर वाढलेली. खाण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. पण जगातलं सगळ्यात भारी क्यूबन सँडविच माझ्या शेजारच्या शुभाकाकू करतात, असं सांगितलं की लोक मलाच वेड्यात काढतात. कारण शुभाकाकू पुण्याच्या आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात मांसाचा तुकडा त्यांनी जिभेवर ठेवलेला नाही.

आम्ही राहतो जर्सी सिटीत, एकाच मजल्यावर. काकूंची मुलगी अबोली नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला गेली, मनोहरकाका दिवसभर मीटिंगमध्ये, आणि काकू खिडकीत. एके दिवशी कंटाळून बसमध्ये बसल्या आणि युनियन सिटीत उतरल्या. वारा बोचरा होता म्हणून समोरच्या क्यूबन दुकानात शिरल्या. दुकानाच्या म्हाताऱ्या मालकिणीने, मिर्ताने, त्यांच्यापुढे एवढ्याशा कपात कॉफी ठेवली. संध्याकाळी माझ्या दारात उभ्या राहून काकू म्हणाल्या, "निधी, कॉफीत साखर घालायची अक्कल असलेली माणसं या देशात आहेत तर!"

मग त्या रोज जायला लागल्या. एकदा गर्दी झाली तेव्हा न सांगता काउंटरच्या आत गेल्या आणि लोणच्यातल्या अख्ख्या काकड्या कापायला लागल्या. ते कापणं बघून मिर्ताने त्यांना परत बाहेर येऊच दिलं नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर, आपल्या देशी दुकानांत, ही बातमी पोचायला कितीसा वेळ? काकूंच्या एका नात्यातल्या बाईंनी तिथल्या भाजीच्या दुकानात सगळ्यांदेखत विचारलं, "शुभा, डुकराच्या मांसाला हात लावतेस म्हणे तू?" काकू शांतपणे कोथिंबीर निवडत म्हणाल्या, "माळ गळ्यात आहे गं, हाताला नाही." मला तर तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

त्या दुकानावरच्या खोलीत मिर्ताचा नवरा ओरेस्तेस अंथरुणाला खिळलेला. मिर्ता रोज दुपारी आपल्या हातचं अर्धं सँडविच कागदात गुंडाळून त्याला नेऊन द्यायची. स्वतःच्या पोरीने केलेलं तो थुंकून टाकायचा, नर्सने केलेलं भिंतीकडे सरकवायचा. बायकोच्या हातचं हवं म्हणजे हवंच.

आणि तोच हात गेल्या वर्षी थरथरायला लागला. आधी चमचा सुटायचा, मग सुरी. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. ओरेस्तेस नुसत्या सूपवर आला आणि दिवसेंदिवस वाळत चालला. दुकानाला विशेष असं दुसरं काही नव्हतंच, लोक यायचे ते सँडविचसाठी. मिर्ताने एक दिवस एप्रन काढून सांगून टाकलं, सँडविच नाही तर दुकान नाही, जागा विकते. काकू म्हणाल्या, "मी करते."

घरी आल्यावर माझ्यासमोर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "हे दुकान गेलं ना निधी, तर मी परत त्या खिडकीत. अबोलीचा चेहरा फोनवर बघायचा आणि चार वाजता चहा टाकायचा. नाही गं जमायचं मला आता."

बरं, हे सँडविच दिसतं सोपं. मांस लसूण, जिरं, ओरेगानो आणि आंबट संत्र्याच्या रसात रात्रभर मुरवायचं, मंद आचेवर तासन्‌तास भाजायचं. लांबट पाव, त्याची साल पापडासारखी कुरकुरीत आणि पोट मऊ. आत हॅम, ते भाजलेलं मांस, चीज, काकडीचं लोणचं, मोहरीचा पिवळा सॉस. बाहेरून लोणी लावून दोन सपाट तव्यांमध्ये दाबायचं. झालं! पण यातल्या एकानेही पुढे पुढे करायचं नाही. आंबट जास्त झालं की गेलं, पाव कच्चा राहिला की गेलं, दाब जास्त पडला की मांसातला सगळा रस तव्यावर. आणि हे सगळं जमवायचं ते एक घासही न चाखता!

पहिल्या रविवारी मिर्ताने दुकानात डॉमिनोच्या सोंगट्या खेळायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे काकूंचं सँडविच ठेवलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण म्हणाला, "गोड आहे." मी घास घेतला आणि कपाळावर हात मारला. गूळ! पुण्याचा हात, मसाला कालवताना आपसूक गुळाच्या डब्याकडे गेलेला. डबा काकूंनी स्वतःच घरून नेऊन तिथे ठेवला होता, कॉफीबरोबर खायला.

मिर्ता हसली नाही. म्हणाली, पुढच्या रविवारी अजून एक संधी, शेवटची.

तो आठवडाभर आम्ही सगळे काकूंच्या मागे लागलो. मी म्हणाले, "काकू, चाखू नका, पण मी आहे ना! मी चाखून सांगते." मनोहरकाका म्हणाले, "अगं, एक थेंब जिभेला लावलास तर देव काय कोर्टात खेचणार आहे का?" काकू ऐकतील तर शपथ. म्हणाल्या, "माझ्या आईने जन्मभर नैवेद्याचा स्वयंपाक केला. कधी चाखला नाही, दुसऱ्या कोणाला चाखू दिला नाही. आणि मीठ कधी चुकलं नाही. ज्याच्यासाठी रांधलं, त्याच्याआधी त्याला कोणी तोंड लावायचं नाही."

"काकू, डुकराच्या मांसाचा नैवेद्य?"

"तू मला शिकवू नकोस. मांस त्यांचं, रीत माझी."

हेच त्यांनी मिर्तालाही समजावलं, हातवारे करत, तोडक्यामोडक्या इंग्रजीत. मिर्ताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

दुसऱ्या रविवारी मी काउंटरला चिकटून उभी होते आणि देवाशपथ सांगते, असं काम करणारा माणूस मी पाहिला नाही. गुळाचा डबा काकूंनी आधीच घरी परत नेला होता. काकूंनी मांसाला नुसतं काट्याने टोचलं, बाहेर आलेल्या रसाचा रंग बघितला आणि मान हलवली. पाव दाबताना कान तव्याशी नेला. चरचर बारीक झाली तसा दाब सोडला, पुन्हा दिला. मी अन्न जिभेने ओळखते, ही बाई त्याला डोळ्यांनी आणि कानांनी ओळखत होती! मग सुरी तिरकी ठेवून त्यांनी एका दाबात सँडविच कापलं. करकर आवाज झाला आणि डॉमिनोच्या टेबलावरच्या माना वळल्या.

मिर्ताने थरथरत्या हाताने एक तुकडा उचलला. तोंडाजवळ नेला. आणि तिने तो तसाच खाली ठेवला.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर असा संताप आला म्हणता, निदान घास तरी घे की बाई!

"गुंडाळ," मिर्ता म्हणाली. "हे ज्याच्यासाठी आहे, आधी तो."

आणि न चाखता, कागदातलं ते अर्धं सँडविच घेऊन ती कठड्याला धरून जिना चढली. उरलेल्या अर्ध्याला कोणी हात लावला नाही. माझ्यासारखी खादाड बाईसुद्धा लावू शकली नाही, काय सांगू! काकू तवा पुसत राहिल्या, स्वच्छ झालेला तवा पुन्हा पुन्हा.

बऱ्याच वेळाने मिर्ता खाली आली. हातात रिकामा कागद होता, घडी घातलेला. ती काकूंसमोर उभी राहिली.

"सगळं खाल्लं," म्हणाली. "मग माझा हात धरला, त्याचा मुका घेतला. म्हणाला, मिर्ता, तुझा हात बरा झाला."

तिचा तो हात तेव्हाही थरथरत होता.

"तू काय सांगितलंस त्याला?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, हो, बरा झाला."

मी रडत होते, म्हातारे डोळे पुसत होते. काकूंनी मात्र मिर्ताचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ तसाच घट्ट धरून ठेवला. मग खुंटीवरचा मिर्ताचा एप्रन काढून स्वतःच्या कमरेला बांधला.

"उद्या किती वाजता लागतं त्यांना?" त्यांनी विचारलं.