दोनच सीटांची गाडी

दोन वर्षं मी दर गुरुवारी औदुंबरला जात होते. सांगलीहून सकाळची बस धरायची, कृष्णेच्या घाटावर पाय धुवायचे, दत्तमहाराजांच्या पादुकांपुढे डोकं टेकायचं आणि एकच मागणं मागायचं. माझ्या नवऱ्याला आणि माझ्या मुलीला एकमेकांशी बोलायची बुद्धी दे, एवढंच. गेल्या मार्गशीर्षात मी जाणं थांबवलं. भांडले नाही, रुसलेही नाही. खरं सांगायचं तर कंटाळले. वाटलं, माझं बोलणं पलीकडे पोचतच नसावं. किंवा पलीकडे कुणी नसावंच. हे लिहितानासुद्धा जीभ चावावीशी वाटते, पण तेव्हा वाटलं ते असं होतं.

आमचे हे अठ्ठावीस वर्षं मालट्रक चालवत होते. सांगलीची हळद आणि तासगावचा बेदाणा भरायचा आणि कोकणात उतरून थेट केरळपर्यंत जायचं. अश्विनी आमची एकुलती एक. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची आणि हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घ्यायची. बापाचं वेड तिच्यात उतरलं. शिकली, शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर झाली. पुढे ह्यांनी आपल्या जुन्या मित्राच्या मुलाशी तिचं लग्न ठरवलं. साखरपुडा झाला आणि दोन महिन्यांनी तिने तो मोडला. तिची कारणं खरी होती, मला पटलीही होती. पण ह्यांनी मित्राला शब्द दिला होता, आणि शब्दाच्या बाबतीत हे फार कडक. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. ती सुट्टीला घरी यायची, एकाच छपराखाली दोघं जेवायची, पण सगळा संवाद माझ्यामार्फत. "तिला सांग, गिझर बंद कर." ती माझ्यासमोर हातभर अंतरावर उभी असायची आणि मी तिला सांगायची, "अगं, गिझर बंद कर."

अशात एका शनिवारी दारात एक पिवळी गाडी येऊन थांबली. अगदी हळदीसारखी पिवळी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, आणि वरचं छप्पर बटणावर मागे दुमडणारं. जुनी घेतली होती, पण अश्विनीने ती लखलखीत ठेवली होती. गल्लीतली सगळी माणसं बघायला आली. ह्यांनी पेपर खाली न करता मला विचारलं, "सीटा किती हायत?" मी म्हटलं, "दोनच." ते म्हणाले, "मग बरोबर हाय," आणि पान उलटलं. तो टोमणा होता की दुखणं, मला कळलं नाही.

त्या रात्री जेवताना अश्विनी म्हणाली, "आई, तुला कन्याकुमारीला न्यायचंय. समुद्राच्या कडेकडेने. फक्त तू आणि मी." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझे सगळे प्रवास नात्यातल्या लग्नाकार्यांचे नाहीतर देवाधर्माचे. नुसतं बघायला म्हणून मी कुठे गेले नव्हते.

मग महिनाभर आमचं तेच चाललं. ती शनिवारी यायची, आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर नकाशा पसरायचो. आंबोलीचा घाट उतरून गोवा, पुढे कारवार, गोकर्ण, उडुपी. ती पेन्सिलने गोल करायची, मी त्या गोलाशेजारी देवळं लिहायची. सामानाचा प्रश्न मोठा होता, कारण डिकी एवढीशी, दोन पिशव्या बसल्या की संपली. मी शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, दशम्या, चिवडा असं म्हणायला लागले की ती दोन्ही हात जोडायची. "आई, ही गाडी आहे, टेम्पो नाही." शेवटी तडजोड झाली. चटणी येणार, चिवडा राहणार. मी स्वतःसाठी आकाशी रंगाचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. आयुष्यातला पहिला. कुणी नसताना आरशापुढे घालूनही पाहिला.

हे बाहेरच्या खोलीत असायचे, पण कान आत. मध्येच आवाज यायचा, "तिला सांग, आंबोलीत सकाळचं धुकं असतंय. धा वाजायच्या आत उतरू नगा म्हनावं." अश्विनी मान वर न करता आंबोलीसमोर बारीक अक्षरात लिहायची, दहा वाजता. मी दोघांकडे बघत बसायची. माझी दोन्ही माणसं एका रस्त्यावर होती आणि मधे एक भिंत होती.

निघायच्या आधीच्या रविवारी गाडी लांबवर चालवून बघावी म्हणून आम्ही दोघी रहिमतपूरला माझ्या बहिणीकडे निघालो. तासगाव, विटा, औंध. छप्पर उघडं, पौषातलं कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. मी डोक्याला रुमाल बांधून बसले होते आणि लहान पोरीसारखी खूश होते. रहिमतपूर थोडंच राहिलं होतं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला, अश्विनीने गाडी कडेला घेतली, आणि खालून धाडकन आवाज झाला. ट्रॉली थांबवताना चाकाला लावतात तसला एक दगड कुणीतरी रस्त्यातच सोडून गेलं होतं. स्टिअरिंगमागच्या काट्यांपाशी लाल दिवा लागला. अश्विनीने त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि उतरून खाली वाकली. काळं ऑइल धारेने मातीत चाललं होतं.

तिने दोन-तीन ठिकाणी फोन लावले. गाडी न्यायला पुण्याहून वाहन उद्याच येईल म्हणाले, आणि दुरुस्तीला तीन आठवडे लागतील. तिची सुट्टी तर गुरुवारपासून सुरू होत होती. माझी धीट लेक, कारखान्यात पन्नास माणसांना कामाला लावणारी, ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि रडायला लागली. "आई, आप्पा आता काय म्हणतील माहीतय? म्हणतील, हिला ना माणसं सांभाळता येतात ना गाडी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. नवस आठवला नाही, स्तोत्र आठवलं नाही. मनात एवढंच आलं की महाराज, माझ्याच्यानं आता होत नाही. तुमचं तुम्ही बघा. ती प्रार्थना होती असंही म्हणवत नाही. दमलेला माणूस हातातलं ओझं खाली ठेवतो, तसं ते होतं.

थोड्या वेळाने एक स्कूटर पुढे जाऊन परत वळून आली. साठी ओलांडलेले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी असे एक गृहस्थ आणि मागे त्यांची बायको. "काय झालं वं ताई? पोरगी का रडतीया?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता ते रस्त्यावर उताणे झाले आणि गाडीखाली डोकं घातलं. धुतलेला पांढरा सदरा होता अंगात, लग्नाहून येत होते. बाहेर आले ते हसतच. "चेंबर फुटलंय. इंजिनच्या खालचं ऑइलचं भांडं वो. अल्युमिनियमचं हाय. त्याचं वेल्डिंग सगळ्यांस्नी जमत न्हाई." मग जरा लाजून म्हणाले, "मला जमतंय."

त्यांचं नाव मेहबूबचाचा. रहिमतपुरात त्यांची रेडिएटर आणि भांड्यांच्या वेल्डिंगची शेड होती. त्यांनी फोन करून ओळखीचा टेम्पो मागवला, फळ्या लावून गाडी अलगद वर चढवली, आणि तासाभरात आम्ही त्यांच्या शेडमध्ये होतो. बहिणीला मी फोनवर कळवलं, आज काही तुझ्याकडे येणं जमत नाही. चाचींनी मला हात धरून घरात नेलं, चहा दिला. नंतर बोलता बोलता म्हणाल्या, "आमी ह्या रस्त्यानं येत न्हाई वो कवा. आज ह्यांचा फाटा चुकला, म्हणून मी वाटंभर भांडत आले." कप हातात तसाच राहिला.

चेंबर उतरवून चाचांनी तडा पाहिला. सांधता येईल म्हणाले, चार तास लागतील. पण ह्या इंजिनाला लागणारं ऑइल गावात मिळणार नव्हतं, आणि रविवारी दुकानं बंद. "घरात कुणी गाडीवालं हाय का?" त्यांनी विचारलं. मी अश्विनीकडे बघितलं. तिने मान खाली घातली. "तिचे वडील ट्रक चालवायचे," मी म्हटलं.

"मग त्येंना फोन लावा की!" चाचांना नवलच वाटलं. "ड्रायव्हर मानसाला असल्या टायमाला फोन न्हाई करायचा, तर कवा करायचा?"

त्यांना आमच्या घरातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून ते इतकं सरळ बोलू शकले. मी फोन काढायला लागले, तेवढ्यात अश्विनीने स्वतःच्या फोनवर नंबर लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "आप्पा," एवढंच म्हणाली. मला पलीकडचा आवाज ऐकू आला. "कुटं हायस?" तिने सांगितलं. "लागलंय का कुणाला?" नाही म्हणाली. "गाडीच्या बुकात ऑइलचा नंबर बघ. वाच." ती एकेक अक्षर वाचत गेली आणि ते तिकडे लिहून घेत होते. दोन वर्षांनी बापलेकीचं बोलणं झालं, ते ऑइलच्या नंबरावरून.

ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून, मित्राची जीप घेऊन ते दुपार कलायच्या आत आले. ऑइलचे डबे, ट्रकच्या काळातली हत्यारांची पेटी, आणि अंगात तोच जुना खाकी शर्ट. आमच्याकडे नीट बघितलंही नाही. चाचांना रामराम घातला आणि त्यांच्या शेजारी गाडीखाली शिरले. दोन म्हाताऱ्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि आतून दोघांच्या गप्पा चालल्या होत्या, जणू बालपणचे दोस्त.

वेल्डिंग झालं, आणि चाचा नमाजाला गेले. चेंबर जागेवर धरायला दोघं लागतात. हे खालून म्हणाले, "कोन हाय? जरा धरा." अश्विनी ओढणी कमरेला बांधून खाली सरपटली. मी दारात उभी होते. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत होता. मग ह्यांचा आवाज आला.

"दिवा लागल्यावर किती चालिवलीस?"

"अजिबात नाही. लगेच बंद केलं."

"कुनी सांगितलं तुला बंद करायला?"

"तुम्हीच नाही का शिकवलं? लाल दिवा दिसला की आधी चावी, मग विचार."

पान्याचा आवाज थांबला. मग हे म्हणाले, "जरा जरी चालिवली असतीस तर इंजिन जाम झालं असतं. झ्याक केलंस." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "लय झ्याक केलंस पोरी." दोघं बाहेर आली तेव्हा दोघांचेही डोळे काळ्या हातांनी पुसलेले होते. मी ओळखलं आणि चाचींना मदत करायचं निमित्त करून आत गेले. त्यांच्या चुलीपाशी बसून पोटभर रडले. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त भाकरी थापता थापता कोपराने मला जरा टेकू दिला.

संध्याकाळी जेवताना चाचांनी प्रवासाचं विचारलं. हे सांगायला लागले, आणि नकाशा न बघता घाट, पूल, वळणं, चहाच्या टपऱ्या सगळं सांगत गेले. चाचा म्हणाले, "मग समुद्र लय बघितला असंल तुमी." ह्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अठ्ठावीस वरसं उजव्या हाताला हुता गड्या. पर माल टायमात पोचवायचा, नजर रस्त्यावर. गाडी लावून खाली उतरलो न्हाई कवा. पान्यात पाय न्हाई घातला."

तीस वर्षं संसार केला ह्या माणसाशी, आणि हे मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, गुरुवारी माझ्या जागेवर हे जातील. अश्विनी चिडली. "आई, हा प्रवास तुझ्यासाठी आखलाय!" हे म्हणाले, "काय येड्यावानी बोलतीस? मी त्या डबीत मावतोय व्हय?" माझं मन सहज मोठं झालं असं कुणी समजू नये. तो आकाशी ड्रेस कपाटात ठेवताना मला हुंदका आला. मलाही जायचं होतं, फार जायचं होतं. पण मी दोन वर्षं मागत होते ते माझ्यापुढे आलं होतं, आणि त्याला बसायला जागा हवी होती. गाडीत जागा दोनच होत्या. महाराजांनी त्यांचं केलं होतं. उरलेलं माझ्याकडे होतं.

गुरुवारी सकाळी हे गुडघे छातीशी घेऊन त्या गाडीत बसले. मांडीवर चटणीची बरणी. गल्लीच्या टोकापर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. "अगं, दुसऱ्यात घे, दुसऱ्यात!" आणि तिचा, "आप्पा, गप्प बसा हो!" माझ्या कानांना ते आरतीसारखं वाटलं.

दोन दिवसांनी मी पेढे घेऊन चाचा-चाचींना भेटायला रहिमतपूरला गेले होते. शेडमध्ये बसलेली असताना ह्यांचा फोन आला. मागे प्रचंड गाज ऐकू येत होती. मी म्हटलं, "कुठं आहात?" ते लहान पोरासारखे म्हणाले, "आगं, ह्यो लय मोठा हाय." त्यांच्यामागे अश्विनी खळखळून हसत होती. तिने फोटो पाठवला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, आणि माझा नवरा पाण्यात उभा. चाचांनी चष्मा लावून तो फोटो कितीतरी वेळ बघितला आणि म्हणाले, "अल्लाची मेहरबानी." मी म्हटलं, "हो चाचा. त्याचीच."

तो दगड तिथे कुणी ठेवला, चाचांचा फाटा त्याच दिवशी का चुकला, ह्याचा मी आता विचार करत नाही. मला त्यातून काही सिद्ध करायचं नाही. मी एवढंच जाणते की मी मागत होते तोपर्यंत ते कसं व्हावं, कधी व्हावं, हेही मीच ठरवत होते. हात उघडला आणि त्यात काहीतरी आलं. ते माझ्या कल्पनेसारखं नव्हतं. ऑइलने माखलेलं होतं, आणि त्यासाठी मला माझी आवडती गोष्ट सोडावी लागली. तरी ते माझ्या मागण्यापेक्षा कितीतरी मोठं होतं. अश्विनी म्हणते, पुढच्या वर्षी मला नेणार. नेईल तेव्हा जाईन, आनंदाने जाईन. नाही नेलं तरी महाराजांकडे माझं काही बाकी नाही.