उलटा चरखा

"हात बघू गं," हे आत्यांचं पहिलं वाक्य. नाव-गाव नंतर. समोर बसलेल्या बाईचे दोन्ही पंजे हातात घ्यायच्या, बोटं दाबून बघायच्या, अंगठा मागं वाकवायच्या. नव्या बायकांना वाटायचं, भविष्य सांगतायत. एकीनं विचारलंही, "आत्या, पोरगा हाय का नशिबात?"

"नशिबाचं म्हाईत न्हाई. अंगठा लय ताठ हाय तुजा."

म्हसवडला आमच्या संस्थेनं लोकर कातायचा वर्ग काढला होता. मी व्यवस्थापक, म्हणजे हजेरी, फोटो आणि अहवाल. शिकवायच्या आत्या. साठी ओलांडलेल्या, अर्धं आयुष्य मेंढरांमागं काढून आता कुठं घरी टेकलेल्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या जिवावर संस्था चालतात आणि अहवालात त्यांचं नाव शेवटच्या पानावर असतं.

अहवालात मी "समान प्रशिक्षण" असं लिहायचो. आत्यांच्या वर्गात समान काहीच नव्हतं. जिचा धागा सारखा तुटायचा तिला लांब, मऊ लोकर. भरभर कातणारीला मुद्दाम राठ, काळी. वडूजची एक पोरगी इतकं बारीक सूत काढायची की मी फोटो काढत सुटलो. आत्यांनी ते सूत बोटानं तोडलं. "ह्ये घोंगडं हाय बाय, लुगडं न्हवं. मेंढक्यानं पावसात काय पांघरायचं?" पोरगी आठवडाभर रुसली. आत्याही काही साखरेच्या नव्हत्या. समजूत काढायला गेल्या नाहीत.

त्याच वर्गात एक बाई होती. कडबाकुट्टीच्या यंत्रात तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेलेली. चाक उजव्या हातानं फिरवायचं आणि धागा डाव्यानं ओढायचा, ही सगळ्यांची रीत. हिला धागा धरताच येईना. मी म्हणालो, "हिचं नाव कमी करू." आत्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं हजेरीत डोकं घातलं.

त्यांनी तिच्या चरख्याची मूठ आणि सूत गुंडाळायची चाती काढून उलट्या बाजूला बसवल्या. मग पंधरा दिवस स्वतःच त्या उलट्या चरख्यावर कातत बसल्या. "मलाच येत न्हाई तर तिला काय दावू?" महिन्याभरात ती बाई डाव्या पंजानं चाक फिरवून उजव्या हातानं सूत ओढायला लागली.

परीक्षेत पास होईल तिला चरखा घरी मिळणार होता. त्या बाईनं घरात जागासुद्धा सारवून ठेवली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वरून फोन आला. साहेब येणार, फोटोत सगळे चरखे एकसारखे दिसले पाहिजेत. वर्ग सुटल्यावर मी तो चरखा सरळ करून ठेवला. फोटो झाला की आत्यांकडून परत फिरवून घेऊ, असं मनाशी ठरवलं. साहेब आले आणि म्हणाले, आधी परीक्षा.

आत्यांनी चरखा पाहिला. "ह्यो सरळ कुनी केला?"

मी बोललो नाही. आदल्याच दिवशी दुसऱ्या एका बाईला दाखवायला त्यांनी तो घटकाभर सरळ केला होता. तेवढं मला पुरलं. आत्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मीच परत फिरवाय इसरले जनू. आवं सायेब, जरा थांबा. माजी चूक हाय."

साहेब म्हणाले, वेळ सगळ्यांना सारखीच.

परीक्षा अर्ध्या तासाची. ती बाई दोन बोटांनी धागा धरत राहिली आणि धागा तुटत राहिला. आत्या तिच्याकडं न बघता भिंतीकडं बघत होत्या. नोकरीच्या भीतीनं गप्प राहिलो असं मी पुढं बरेचदा स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला लाज वाटत होती, आणि ती लाज मी एका म्हातारीच्या पदरात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून आत्या आल्या नाहीत. महिन्यानं मी त्यांच्या घरी गेलो. सुनेनं चहा ठेवला.

"सोताचा चरखा उलटा करून त्या बाईला दिऊन टाकला," ती म्हणाली. "म्हनल्या, इसरनाऱ्यानं शिकवू नये."

"मग आता कुठं आहेत?"

"धाकल्या दिराच्या मेंढरांमागं. लय लांब गेल्यात, खाली कोकनाकडं. मी म्हनलं, ह्या वयात कशाला? तर म्हनल्या, तितं चूक झाली तर कुनाचं नुस्कान न्हाई."

मी चहा संपवला. तिनं मोबाइल पुढं केला. "दिराला फोन लावू का? काय निरोप हाय का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."