भागीरथाबाईचे धानाचे घोस

धान कापणी झाली की आमच्या गावात दारोदारी लोंब्या टांगतात, चिमण्यांसाठी. बाकीच्यांची नुसती जुडी असते. भागीरथाबाईचा घोस विणलेला असतो. ओल्या फडक्यात ठेवून मऊ केलेल्या काड्यांची वेणी, आणि खाली झुंबरासारख्या लोंब्या. ती विणायची आणि तिचा नवरा मुखरूभाऊ सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, वाशाला टांगायचा. आता तीच खाटेवर चढून टांगते.

मुखरूभाऊ गेल्यापासून लग्नकार्यात तिला स्वयंपाकाला बोलावतात, मांडवात नाही. हळदीच्या वेळी ती आपणहून मागच्या दाराशी जाऊन उभी राहते. कोणी तसं बोलून दाखवत नाही, आणि तीही कोणावर ती वेळ येऊ देत नाही.

यंदा तिच्या दिराच्या मुलीचं, रुपालीचं, लग्न ठरलं. रुपाली नागपूरला नोकरी करते. तिच्या मैत्रिणींनी ब्रह्मपुरीला हॉल घेऊन ‘ब्रायडल शॉवर’ ठेवला. लग्नाआधी बायाबायांनी जमायचं, नवरीचं कौतुक करायचं आणि येणाऱ्या प्रत्येकीला हाताने केलेली एक छोटी भेट द्यायची. थीम ठरली धानाचं शेत, आणि भेट ठरली मोठाईचे, म्हणजे भागीरथाबाईचे, घोस, तळहाताएवढे.

मायलेकी सांगायला आल्या तेव्हा मी, तिची शेजारीण, तिच्या सपरीतच शेंगा सोलत बसले होते.

“त्यात हळद लावतेत का?” भागीरथाबाईने विचारलं.

“नाई वो मोठाई.”

“ओटी भरतेत?”

“नाई.”

“मंग करतेत तरी का?”

“खेळतेत, फोटो काढतेत, केक कापतेत.”

“अन् भटजी?”

“भटजीले का केक चारू?” रुपाली म्हणाली, आणि आम्ही सगळ्या हसलो.

निघताना रुपालीची आई सुगंधाबाई गोड आवाजात म्हणाली, “घोस जीपवाल्याजवळ पाठवून द्या, बाई. तुम्ही काऊन धावपळ करता?”

भागीरथाबाई बरं म्हणाली. त्या गेल्यावर मला म्हणाली, “ज्योत्स्ना, ज्या कार्यक्रमाले नेमच नाई, तिथी मले बसता येईल का वो?”

पोथी मी रोज वाचते, पण पोथीत ब्रायडल शॉवर कुठून असणार? म्हटलं, “रुपालीलेच विचारा ना.”

“इचारलं त पोरगी हो म्हणन. मले इचारून नाई जायचं. बोलावणं याले पायजे.”

पहिला घोस तिने गावदेवी मातामायपुढे ठेवला आणि मग कामाला लागली. मीही हात लावला. माझं विणकाम बघून म्हणाली, “हे वेणी होय का बैलाचं दावं?”

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी मी गेले तर ती अंगणात उभी होती. तयार घोस वाळायला सपरीत दोरीवर टांगले होते आणि त्यांच्यावर चिमण्यांची जत्रा भरली होती. खाली कोंड्याचा सडा. निम्म्याहून जास्त लोंब्या रिकाम्या.

“हाकला ना वो!” मी ओरडले.

“चिमण्याईले का समजते,” ती शांतपणे म्हणाली, “कोनता लग्नाचा अन् कोनता त्याईचा?”

मी रुपालीला फोन लावून दिला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मोठाई, तू लोंब्या घेऊन इकडंच ये. हॉलमधीच विण. पोरीईलेबी शिकव.”

मागून सुगंधाबाईचा आवाज आला, “बाईले कायले तरास देतं?”

“मंग तुले येते का विणता, आई?”



दुसऱ्या दिवशी मीही तिच्यासोबत गेले. हॉलमध्ये शिरताच भागीरथाबाईने सवयीने मागचं दार शोधलं आणि तिथे भिंतीला टेकून बसली. रुपाली आली, काही न बोलता तिचं गाठोडं उचललं आणि मधोमध आपल्या खुर्चीशी नेऊन ठेवलं. गाठोडं गेलं म्हणून हिलाही मागोमाग जावं लागलं. पोरी तिच्याभोवती मांडी घालून बसल्या. कोणाची काडी मोडे, कोणाच्या लोंब्या गळत, आणि भागीरथाबाई एकेकीला बोल लावत होती. पोरी खिदळत होत्या. सुगंधाबाई बराच वेळ खांबाशी उभी राहिली. शेवटी खाली बसली.

“बाई, माही काडी तुटून राह्यली.”

“ओली कर आधी. घाई कायची हाये?”

परतताना जीपमध्ये भागीरथाबाईच्या मांडीवर एक घोस होता. येणाऱ्या प्रत्येकीला दिला, तसा तिलाही मिळाला होता. माझ्या मनात आदल्या सकाळपासून एकच प्रश्न घोळत होता. इतकी वर्षं जिच्या सपरीत चिमण्या जेवायला येतात, तिने नेमके लग्नाचे घोस तिथेच का टांगावेत?

विचारलंच मी.

“मले का माईत? चिमण्याईले इचार,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले तेव्हा तो घोस सपरीत नव्हता. आत, देवाच्या खोलीत, खुंटीला टांगला होता. दाराला जाळी लावली होती.