यादोरावकाकांचं वावर

"शिस्टरबाई, गेली का जी ती मोटारसायकल?"

वांग्याच्या झाडांमागून आवाज आला, पण माणूस दिसेना. मी रस्त्याकडे पाहिलं आणि गेली म्हणून सांगितलं. तेव्हा एक पांढरं डोकं वर आलं आणि यादोरावकाका गुडघ्यांची माती झटकत उभे राहिले. "एकोडीची वाटली," एवढंच म्हणून ते पुन्हा निंदायला लागले.

अड्याळला तळ्याच्या पाळीखाली पंचायतीची पडीक जागा होती. सुमनबाईंच्या बचत गटाने ती साफ केली, वाफे पाडले आणि ज्याला भाजी लावायची असेल त्याला वर्षभराच्या किरायाने द्यायला सुरुवात केली. दवाखान्यातली ड्युटी संपली की मी माझ्या वाफ्यावर जायची. शेजारचा वाफा काकांचा. त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं, त्यात भातशेती, धानाच्या बांध्याही गेल्या. बायको त्याआधीच वारली होती. अड्याळला ते एकटेच राहत.

"धान होता तवा भाजी धुऱ्या-बांधावर फुकट येत होती," ते म्हणायचे. "आता भाजीच वावर झाली. अन् तेही किरायाचं. इथं बसलो का सोताच्याच घरी पावना झाल्यावानी वाटते."

हा वाफा आपला आहे हे ते गावात कोणालाच सांगत नसत. हातातल्या पिशवीबद्दल कोणी विचारलं, की "शिस्टरबाईनं देल्ली." दवाखान्यात येणारे लोक माझ्या वांग्यांचं कौतुक करायचे आणि मी ओशाळून इंजेक्शन भरत राहायची. माझी स्वतःची वांगी किडलेली असत.

एके दिवशी सकाळीच काका धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बागेत आले. सुमनबाई, मी आणि आणखी दोघी तिथे होतो.

"आज इवाई येऊन राहिले," ते म्हणाले. "वावर पाहाले."

"कोणाचं?" मी विचारलं.

"माझं." त्यांनी मान खाली घातली.

इवाई म्हणजे व्याही, काकांच्या एकोडीला दिलेल्या मुलीचे, मंदाचे सासरे. काकांनी धरणानंतर नवं वावर घेतलं, अशी त्यांची समजूत होती. "घडीभर माझ्या मजूरनी व्हा, बायांनो. पोरीच्या इज्जतीचा सवाल आहे."

आम्हाला गंमत वाटली. पदर डोक्यावर ओढून आम्ही चौघी निंदायला बसलो.

इवाई आले. काकांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "हे सारं," ते इतक्या हळू म्हणाले, की इवायांनी पुन्हा विचारलं. मग इवाई खुशीत फिरले आणि फिरता फिरता सुमनबाईंजवळ थांबले. त्यांच्या टोपलीत स्वतःच्या वाफ्यातल्या मिरच्या होत्या.

"मजुराईले लय मोकळं सोडू नका, इवाई," ते काकांना म्हणाले. "आपली पाठ फिरली का पदरात भरतात." आणि त्यांनी पायातल्या जोड्याने टोपली कलती केली. "पाहू, हिनं काय भरलं!"

मिरच्या मातीत सांडल्या. जिने ही बाग उभी केली, ती बाई खाली मान घालून मिरच्या वेचू लागली. आम्ही कोणीच वर पाहिलं नाही.

काका टोपलीशी बसले आणि मिरच्या उचलू लागले. मग बसल्या बसल्याच बोलले, "इवाई, ह्या मजूर नाहीत. बाग याईचीच आहे. मी इथं किरायदार आहो. तो वांग्याचा वाफा, तेवढाच माझा."

"मंग वावर घेतलं, ते?"

"खोटं होतं. माझं खोटं."

इवाई पाणीही न पिता निघून गेले. काकांनी सुमनबाईंपुढे हात जोडले. "माझ्या खोट्यापायी तुमच्यावर चोरीचा आळ आला, बाई."

"हात नोका जोडू, काका," सुमनबाई म्हणाल्या.

त्यानंतर मंदा माहेरी आली नाही. दिवाळीलाही नाही. काका बागेत येत, काम करत, पण आमच्या तोंडाकडे पाहून कधी बोलले नाहीत. थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले.

तेरवीनंतर मंदा बागेत आली. मी तिला वाफा दाखवला.

"वावर घेतलं असं बाबानं नाही सांगतलं, शिस्टर," ती म्हणाली. "मीच सांगतलं होतं सासरी. बुडीत गावची, बिनवावराची पोरगी म्हनून रोज बोलत होते. एक दिवस तोंडातून निघून गेलं. मंग बाबाले फोन केला, कोनी विचारलं तं हो म्हना."

"आणि त्या दिवशी?"

"सासरा घरी येऊन म्हणे, तुहा बाप लबाड आहे. मी तिथंच उभी होती. गप राहिली." तिने पदर तोंडात कोंबला. "मंग दिवाळीले कोन्त्या तोंडानं येऊ?"

थोड्या वेळाने तिने विचारलं, "बाबानं तुमाले कधी सांगतलं का, का हे मंदानं केलं म्हनून?"

"नाही," मी म्हणाले.

मी हो म्हणाले असते, तर तिला सोसायला सोपं गेलं असतं.